आपल्या पायांनी ठाण्यात

सणाच्या दिवशी सगळं इंदूर रस्त्यावर येतं आणि बंडू शितोळे ठाण्यात जाऊन बसतो, हे आमच्या गल्लीत इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणाला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक निघायची असली, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांचे रथ असले, निवडणुकीचा निकाल असला, की आदल्या दिवशी ठाण्यातून फोन यायचा, "बंडू भिया, त्योहार है, आ जाना." सकाळी बंडू आंघोळ करून, भांग पाडून, डबा घेऊन निघायचा आणि ठाण्याच्या बाकावर जाऊन बसायचा. मिरवणूक पार पडली की साहेब म्हणायचे, जा. मग हा घरी यायचा.

मी शशिकला, त्याच्या समोरच्या घरात राहते, बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत. शाळेत मराठी शिकवून रिटायर झाले, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका काढायची खोड अजून गेलेली नाही. आमचे पूर्वज होळकरांच्या दफ्तरात कारकून आणि शितोळ्यांचे पागेत शिलेदार. त्यावरून बंडूची आई आनंदीकाकू आणि माझी आई यांचं जन्मभर एक गोड भांडण चालायचं. काकू म्हणायच्या, "राज्य काही तुमच्या लिहिण्यावर नाही चाललं, आमच्या घोड्यांवर चाललं." आई म्हणायची, "आणि घोड्यांचा दाणा कुणी मंजूर केला?" आता दोघीही नाहीत.

बंडू धंद्याने साफे बांधणारा. लग्नातला नवरा असो, मिरवणुकीतला पुढारी असो नाहीतर अहिल्यादेवींच्या पालखीचे मानकरी असोत, डोकं बघून कापड निवडायचं आणि बोलता बोलता बांधून मोकळं व्हायचं. होळकरी पगडी त्याच्यासारखी बांधणारे आता शहरात फार उरलेले नाहीत. पण सण म्हणजेच त्याच्या कमाईचे दिवस, आणि नेमका त्या दिवशी तो ठाण्यात. त्याने आदल्या दिवशी बांधून दिलेले साफे लोक दुसऱ्या दिवशी मिरवत, आणि हा बाकावर बसून ढोल ऐकत असे.

गुंड म्हणावं तर गल्लीतली मांजरंही त्याला भीत नाहीत. झालं होतं ते एवढंच, की कॉलेजात असताना तो आखाड्यात लाठी फिरवायचा. एका वर्षी झांक्यांच्या मिरवणुकीत दोन आखाड्यांची जुंपली, एकाचं डोकं फुटलं, आणि जी पोरं हाती लागली त्यांची नावं पोलिसांनी लिहून घेतली. त्यात बंडू. पुढे दोन्ही आखाड्यांची दिलजमाई झाली, कोर्टाने सगळ्यांना सोडलं, आणि ज्याचं डोकं फुटलं होतं तो बंडूकडूनच साफा बांधून घेऊन बोहल्यावर चढला. कोर्टातून नाव गेलं, पण ठाण्याच्या गुंडा सूचीतून गेलं नाही. तिथे नाव चढवायला कुणीही चालतं. उतरवायचं कुणी, हे विचारायला गेलं की प्रत्येकजण दुसऱ्या खोलीकडे बोट दाखवतो. बंडूचं लग्न दोन-तीनदा ठरत आलं होतं. मुलीकडचे चौकशी करायचे, चौकशीत ठाण्याचं नाव निघायचं, आणि मग पत्रिका जुळत नाही असा निरोप यायचा. शहरातल्या इतक्या नवऱ्यांना सजवणारा हा माणूस आईबरोबर दोन खोल्यांत बिनलग्नाचाच राहिला.

सुरुवातीला पोलीस जीप घेऊन यायचे. पहिल्या वेळी त्याला बनियनवरच ओढत नेलं. अख्खी गल्ली खिडक्यांत होती. आनंदीकाकू ओट्यावर ताठ उभ्या होत्या, रडल्या नाहीत. तो परत आल्यावर मात्र त्यांनी फर्मान काढलं, "शितोळ्यांच्या दारात सरकारची गाडी अशी येणार नाही. सरकारने बोलावलं की आपण आपल्या पायांनी जायचं. तुझे पणजोबाही जायचे." पणजोबा घोड्यावरून जात होते, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तेव्हापासून ही रीत पडली. फोन आला की काकू कणीक दुधात भिजवून दशम्या करायच्या, बरोबर लसणाची चटणी. मोहिमेवर निघणाऱ्याला घरातून दशम्या द्यायच्या, अशी त्यांच्याकडची जुनी चाल. कुणी विचारलंच बंडू कुठे, तर सांगायच्या, "ड्यूटीवर गेलाय. आज बंदोबस्त आहे ना." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढे पुढे मला वाटायला लागलं, की त्यांना ते खरंच वाटतंय.

ठाण्यात त्याचं बाक ठरलेलं होतं. गेल्याबरोबर फोन काढून हवालदाराच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा. कसला कागद नाही, की सही नाही. चहा आला तर त्यालाही मिळायचा. एका ठाणेदाराच्या मुलीच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडाचे साफे त्यानेच बांधले, साहेबांनी मिठाईचा डबा दिला, पाठीवर थाप दिली, आणि पुढच्या सणाला फोन आलाच.

माझी भाची संहिता वकील आहे, पलासियाला तिचं ऑफिस. एका अनंत चतुर्दशीला ती माझ्याकडे आली होती तेव्हा बंडू डबा घेऊन निघालेला तिने बघितला.

"बंडूमामा, कोणत्या सेक्शनमध्ये नेतायत?" तिने विचारलं.

"सेक्शन कसला बेटा, त्योहार आहे."

संहिता माझ्याकडे वळली. "मावशी, हे असं नाही चालत. पकडलं तर का पकडलं ते लिहून द्यावं लागतं. घरच्यांना कळवावं लागतं. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. हे सीधं संविधानात आहे. नुसतं बसवून ठेवायचं म्हणजे काय?"

बंडू हसला. "पण मला कोणी पकडलंच कुठे? मी तर आपल्या आपण जातो ना."

काकूंनी ओट्यावरून हाक मारली, उशीर होतोय म्हणून. तो गेला.

मागच्या वर्षीच्या रंगपंचमीला दुपारी मी त्यांच्याकडे वाटीभर श्रीखंड द्यायला गेले, तर काकू स्वयंपाकघरात पडलेल्या. शुद्ध होती, पण एक बाजू हलत नव्हती. गेरमुळे रस्ते बंद, ॲम्ब्युलन्स यायला तयार नाही. शेवटी गल्लीतल्या विक्रांतने, ज्याचं कोपऱ्यावर मोबाईलचं दुकान आहे त्याने, आपली गाडी काढली आणि उलट्या बाजूने सुदामा नगरच्या एका दवाखान्यात आम्ही पोचलो. मी बंडूला फोन लावत होते. घंटी जात होती, कुणी उचलत नव्हतं. तो फोन ड्रॉवरमध्ये वाजत असणार हे मला माहीत होतं, तरी लावत होते. मग विक्रांतला म्हटलं, तू स्वतः जा आणि त्याला घेऊन ये.

तिथे काय झालं ते विक्रांतने मला नंतर सांगितलं. ठाणं रिकामं होतं. सगळे बंदोबस्तावर, दारात एक म्हातारा शिपाई खुर्चीवर, आणि आत बाकावर बंडू. विक्रांत म्हणाला, "चल, आईला हॉस्पिटलात ठेवलंय." बंडू ताडकन उठला. शिपायाकडे गेला आणि म्हणाला, "आई सीरियस है, जाऊं?"

शिपाई म्हणाला, "साहब आएं तो पूछ लेना भिया. मैं कौन होता हूं?"

त्याने हात आडवा घातला नाही. दार उघडं होतं. बाहेर विक्रांतची गाडी चालू उभी होती. आणि बंडू परत जाऊन बाकावर बसला.

"अरे चल ना," विक्रांतने त्याचा दंड धरला.

"न विचारता कसं येऊ? असा उठून आलो तर आईलाच नाही आवडणार. साहेब येतच असतील, मी लगेच निघतो."

विक्रांत एकटाच परत आला. काकूंनी दाराकडे बघितलं. बोलणं जड झालं होतं, तरी त्यांनी विचारलं, "बंडू?" मी म्हटलं, येतोय. त्यांनी मान हलवली, नको अशी. म्हणाल्या, "ड्यूटी सोडून... नको म्हणावं." उन्हं उतरायच्या आत त्या गेल्या.

बंडू संध्याकाळी आला. हातात डबा, ठाण्याच्या नळावर धुतलेला. रंगाने माखलेले साहेब गेर संपल्यावर परतले तेव्हा त्याने विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, "अरे, बोलना था ना. चले जाते. किसने रोका था?" हे सगळं त्याने आईच्या पायाशी उभं राहून आम्हाला सांगितलं, एकाच सुरात. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. खरंच वाटली. मग त्याच्या हातातला तो डबा बघितला आणि मला त्या साहेबाच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पण तेवढा माझा हात लांब नाही.

तेरावं झाल्यावर संहिताने तक्रार लिहिली. आधी तिने माहितीच्या अधिकारात ठाण्याला विचारलं, की या माणसाला आजवर कधी, कोणत्या कलमाखाली अटक केली किंवा ताब्यात घेतलं. उत्तर वेळेत आलं, आणि तेही स्वच्छ टाइप केलेलं. सदर नावाच्या व्यक्तीस जुने प्रकरण वगळता कधीही अटक केलेली नाही, अभिरक्षेत घेतलेले नाही. वीसेक वर्षांच्या रंगपंचम्या, झांक्या, निवडणुका, सगळ्या पुसल्या गेल्या होत्या. आम्ही दफ्तरवाले, लिहिलं नाही ते घडलं नाही हे आमच्या घरातलंच ब्रह्मवाक्य. पण ते कुणावर असं उलटलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

मग चौकशी लागली. चौकशी करणारा अधिकारी बिचारा सभ्य होता, त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मला सभ्य माणसांची जास्त भीती वाटते.

"शितोळे जी, कभी हथकड़ी लगाई आपको?"

"नहीं साहब."

"लॉकअप में डाला?"

"नहीं."

"जिस दिन माताजी शांत हुईं, किसी ने पकड़ के रोका?"

"नहीं. बोले, साहब आएं तो पूछ लेना."

संहिता मध्येच बोलली, "सर, जो आदमी उठ के जा नहीं सकता, वो अरेस्ट ही है. रस्सी बंधी हो या न हो. बीस साल से जिसको फोन करके बैठा लेते हैं, वो फ्री कैसे हुआ?"

अधिकारी म्हणाला, "मैडम, तो इन्हीं से पूछ लेते हैं. शितोळे जी, आप उठ के जा सकते थे या नहीं?"

आम्ही सगळे बंडूकडे बघत होतो. संहिताने डोळ्यांनी त्याला खुणावलं. तो आपल्या हातांकडे बघत राहिला.

"जा सकता था," तो म्हणाला.

महिन्याभराने निकाल आला. अर्जदार शांतता व्यवस्थेत जनसहयोग म्हणून स्वेच्छेने ठाण्यात उपस्थित राहत होता, त्यास कोणीही रोखले नाही, सबब तक्रार नस्तीबद्ध. म्हणजे फाईल बांधून ठेवून दिली. संहिता संतापली, वरच्या कोर्टात जाऊ म्हणाली. पण तिथेही बंडूचं हेच वाक्य पुढे येणार, हे तिलाही कळत होतं.

"असं का बोललास रे?" चौकशीच्या दिवशी परत येताना रिक्षात मी विचारलं होतं.

"खोटं कसं बोलू ताई? दरवाजा उघडाच होता."

त्याच्यासाठी पोलिसांना कधी कुलूपही लागलं नाही. ते काकूंनी घरातूनच दशम्यांबरोबर बांधून दिलेलं होतं, मायेने, अब्रूसाठी, आणि पोलीस त्या कुलपाच्या भरवशावर आरामात होते. हे मी त्याला बोलले नाही. आईवर बोट ठेवलेलं त्याला सोसलं नसतं. त्यानंतर त्याने साफे बांधणं जवळजवळ बंदच केलं. लग्नघरून माणूस आला तर सांगायचा, हात दुखतोय. दिवसभर ओट्यावर बसायचा. एकदा मी भाजी निवडत असताना समोरून अचानक म्हणाला, "ताई, मी उठलो असतो ना, तर पंधरा मिनिटांत पोचलो असतो." पोचला असता.

अनंत चतुर्दशी आली आणि ठाण्यातून फोन आला. मी ओट्यावरच होते, मला त्याचं बोलणं ऐकू आलं.

"इस बार नहीं आऊंगा. लेने आओ," असं म्हणून त्याने फोन ठेवला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, संहिताला फोन लावून दे. ते सगळं परत सांगायला सांग."

संहिताने सांगितलं आणि त्याने माझ्यासमोर बसून शाळकरी पोरासारखं ते घोकलं. कारण लिहून मागायचं. घरच्या माणसाचं नाव सांगायचं. चोवीस तास. घोकताना त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी जरा रंग दिसला.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला पांढरा शर्ट घालून ओट्यावर बसला. काकूंनी ज्या ओट्यासमोर जीप येऊ नये म्हणून जन्म काढला, तिथेच तो जीपची वाट बघत बसला होता. जीप आली. गल्ली पुन्हा खिडक्यांत आली. एक नवा तरुण सब-इन्स्पेक्टर उतरला आणि म्हणाला, "चलो भिया, क्या नाटक है? तुम तो खुद आ जाते थे."

"खुद आने का जवाब मिल गया मेरे को," बंडू म्हणाला. "अब पकड़ के ले जाओ. क्यों पकड़ा वो लिख के दो."

आवाज चढलेला नव्हता. तो कधी चढत नाही, बंडूने आयुष्यात दिलेली मोठ्यात मोठी शिवी 'येडा' असेल. सब-इन्स्पेक्टरने दोनदा समजावलं, एकदा दम दिला, बाजूला जाऊन फोन केला, आणि मग शिपायांना खूण केली. दोघांनी त्याला दंडाला धरून गाडीत घातलं. जाताना त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता मेला.

ठाण्यात या वेळी सगळं रीतसर झालं. अटकेचा कागद बनला. शांतिभंगाची भीती म्हणून पूर्वी एकशे एक्कावन्न कलम लावायचे, नव्या कायद्यात ते एकशे सत्तर झालंय, ते लावलं. घरच्या कुणाला कळवायचं, असं विचारल्यावर त्याने माझं नाव दिलं. "रिश्ता?" "बहन." मला फोन आला तेव्हा हवालदाराने तसंच म्हटलं, आपके भाई को गिरफ्तार किया है. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला वरच्या साहेबांपुढे उभं केलं. इंदुरात पोलीस कमिश्नर आल्यापासून या असल्या प्रकरणांत मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर पोलीस अधिकारीच बसतो, म्हणजे धरणारी खाकी आणि न्याय करणारीही खाकीच. सहा महिने नीट वागेन असा मुचलका आणि एक जामीनदार. जामीनदार मी.

बाहेर पायरीवर संहिताने कागद वाचला. लिहिलं होतं, की आरोपी मोहल्ल्यात उभा राहून अश्लील शिवीगाळ करत होता, समजावल्यावर जास्त उग्र झाला, मारायला धावला, अटक केली नसती तर गंभीर गुन्हा घडला असता. मी ओट्यावर होते. विक्रांत दुकानात होता. अर्धी गल्ली खिडकीत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं याने काहीच केलं नाही तेव्हा पोलिसांनी काहीच लिहिलं नाही, आणि आता याने हक्काचा कागद मागितला तर यांनी त्याला तो दिला, वर गुंडही करून दिला. आता कुणी सूची काढली तर तिथे पुरावा तयार होता.

"हे खोटं आहे, हे आपण मोडून काढू," संहिता म्हणाली. "बंडूमामा, टेन्शन नका घेऊ. आता कम से कम माझ्या हातात काहीतरी आहे."

बंडू ऐकत नव्हता. त्याने तिच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. रस्ताभर तो खिसा चाचपत होता.

घरी आल्यावर मी त्याच्यामागून आत गेले, चहा टाकायला. तो चपला काढून सरळ काकूंच्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. हार वाळला होता, तो त्याने नीट केला. कागद काढून फोटोखाली ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, त्याला वाटलं असेल मी आत आहे.

"आई," तो म्हणाला, "त्या दिवशी ड्यूटी नव्हती. धरून नेलं होतं मला. येता येत नव्हतं."